भरती मोजा, पाण्याला न शिवता

जीपीएसचा सिग्नल अँटेनावर थेट येतो, तसाच समुद्रावर आपटूनही येतो. दोन्ही मिसळले की उपग्रह चढता-उतरताना सिग्नलची ताकद लाटेसारखी कमी-जास्त होते. त्या लाटांच्या दाटीवरून अँटेना पाण्यापासून किती उंच आहे ते निघतं. मोजणीवाले हा आपटलेला सिग्नल कचरा म्हणून टाकतात. आपल्याला तोच हवा.

रिसीव्हर, साधा पॅच अँटेना, सोलर पॅनेल आणि धक्क्यावर खांब रोवायची परवानगी तुमच्याकडे आहे असं धरतो. महागडा रिंगवाला अँटेना घ्या म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तो परावर्तन दाबायलाच बनवलेला असतो. अँटेनाचं तोंड आकाशाऐवजी दर्याकडे फिरवा. सेकंदाला एक नोंद, सिग्नलच्या ताकदीसकट. झालं.

खरी गोम दिशा आणि कोन निवडण्यात आहे. हर्णैला पहिल्या खेपेस मी क्षितिजापासून 5 ते 30 अंश उंचीवरच्या उपग्रहांचं सगळं घेतलं. भरती झकास आली, पण ओहोटीचा आलेख खाली जाईचना, मध्येच आडवा. आठवडाभर रिसीव्हरला शिव्या घातल्या. दोष माझाच होता. अँटेना पाण्यापासून 6 मीटर वर असेल, तर 5 अंशांवरचा सिग्नल सुमारे 69 मीटर लांबून परततो, 15 अंशांवरचा 22 मीटरवरून आणि 30 अंशांवरचा जेमतेम 10 मीटरवरून. ओहोटीला तिथे पाणीच नव्हतं. मी वाळूची उंची मोजत बसलो होतो!

म्हणून गुगलच्या नकाशावर कोन ठरवू नका. अमावास्येच्या उधाणात, पूर्ण ओहोटीला, स्वतः चालत जा आणि पाण्याची कड पावलांनी मोजा. कोनाची वरची मर्यादा तीच ठरवते. माझी 15 अंशांवर आली. नांगरलेल्या होड्यांची दिशाही वगळा, आणि मासळीच्या लिलावाच्या वेळेला होड्या कुठवर येतात तेही बघा.

दुसरा चकवा म्हणजे पाणी थांबत नाही. उपग्रह 5 वरून 15 अंशांवर जाईपर्यंत साधारण अर्धा तास जातो, तेवढ्यात उधाणाचं पाणी फूटभर चढतं किंवा उतरतं. चढता उपग्रह एकीकडे चुकतो, उतरता दुसरीकडे. ही दुरुस्ती केल्याशिवाय आलेख कुणाला दाखवू नका. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, चूक लहान दिसते, त्यावर भाळू नका.

नाविक या भारतीय उपग्रहप्रणालीचे भूस्थिर उपग्रह इथे घेऊ नका. ते आकाशात जवळजवळ जागचे हलत नाहीत.

गणित सॉफ्टवेअर करतं: सिग्नलच्या लाटांची वारंवारता (वेळेवर नाही, उपग्रहाच्या कोनाच्या साइनवर मोजलेली) गुणिले 0.19 मीटर, म्हणजे जीपीएसच्या मुख्य (L1) सिग्नलची तरंगलांबी, भागिले 2.

पावसाळ्यात दर्या खवळला की सिग्नल विखुरतो. ते आकडे सरळ टाका. अवकाशातून मात्र हेच विखुरणं कामाला येतं. 2016 साली सोडलेले नासाच्या सिग्नस (CYGNSS) मोहिमेचे 8 उपग्रह त्यावरूनच समुद्रावरचा वारा मोजू लागले. सपाट सागरी बर्फावरून सिग्नल स्वच्छ परततो, म्हणून 2014 साली सोडलेल्या टेकडेमोसॅट-1 या ब्रिटिश उपग्रहाच्या नोंदींत बर्फ आणि पाणी वेगळं काढता आलं.

आणि नटबोल्ट स्टेनलेसचेच घ्या. साधे दोन पावसाळे टिकत नाहीत.