पावसाआधी हिवतापाच्या नोंदी: गडचिरोलीतल्या तालुका पथकासाठी तयारीची यादी

जून हिवताप प्रतिरोध महिना म्हणून पाळला जातो. हिवतापाच्या नोंदींची संगणक प्रणाली तयार ठेवण्याचं काम तोवर लांबलं तर ते दिवाळीपर्यंत होत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, नेटवर्कही जातं, आणि नेमके तेव्हाच तापाचे रुग्ण वाढतात. म्हणून हे सगळं मे महिन्यातच उरकायचं.

पहिलं काम गावांच्या यादीचं, आणि सर्वांत जास्त वेळ त्यालाच द्या. जनगणनेत गाव एक असतं, प्रत्यक्षात त्याचे टोले, म्हणजे छोट्या वस्त्या, लांबलांब विखुरलेले. रुग्णाची नोंद गावाच्या नावावर होते, फवारणी पथक मोठ्या वस्तीत जाऊन येतं आणि ताप नाल्यापलीकडच्या टोल्यात राहतो. टोल्याची लोकसंख्या किती, आशाताई कोण, उपकेंद्र कोणतं, हे आरोग्य सेवकाला शेजारी बसवून तपासा. कार्यालयात बसून अंदाजाने भरू नका. एकाच नावाची दोन गावं असतील तर गावाच्या कोडवरच भरवसा ठेवा. एपीआय म्हणजे हजार लोकांमागे वर्षभरात सापडलेले रुग्ण. २०० वस्तीच्या टोल्यात एक रुग्ण निघाला तर एपीआय ५ येतो. तोच रुग्ण २,००० लोकसंख्येच्या गावात मिसळला की ०.५. आकडा खाली आल्याचं समाधान वरच्या बैठकीत मिळतं, टोल्याला त्याचा काही उपयोग नाही.

मग तारखा. ताप कधी आला, रक्तनमुना कधी घेतला, निदान कधी झालं, औषध कधी सुरू केलं, हे चार रकाने वेगळे हवेत. आठवड्याचा गठ्ठा एका दुपारी चढवताना सगळीकडे त्याच दिवसाची तारीख पडते आणि साथ कधी सुरू झाली ते कळतच नाही. चीनमध्ये एका दिवसात कळवणं, तीन दिवसांत रुग्णाची चौकशी आणि सात दिवसांत त्या ठिकाणी कारवाई असा नियम होता. २०२१ मध्ये तो देश हिवतापमुक्त जाहीर झाला. तारखाच खोट्या असतील तर असा नियम आपल्याकडे पाळला गेला की नाही, हे तपासणार कसं?

रुग्ण सापडला कुठे आणि डास चावला कुठे, हेही वेगवेगळं नोंदवा. तेंदूपत्त्याच्या फडावर मुक्काम होता का, छत्तीसगडच्या बाजूला नातलगांकडे गेला होता का, हे विचारल्याशिवाय रकाना भरू नये.

उपचाराची नोंद फक्त ‘सुरू’ लिहून संपत नाही. व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापाच्या रुग्णाला प्रायमाक्विन हे औषध १४ दिवस घ्यायचं असतं, आणि बरं वाटलं की गोळ्या घरातच पडून राहतात. ‘पूर्ण’चा रकाना आशाताईंच्या भेटीनंतरच भरला जावा. तोच माणूस पुन्हा आजारी पडला तर जुनी नोंद सापडावी, म्हणून नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा.

तपासणी किट आणि गोळ्यांचा साठा मुदतीसकट चढवा. किट उन्हात तापलेल्या खोलीत ठेवू नका.

शून्य रुग्ण आणि शून्य नमुने यांत फरक आहे. ज्या टोल्यातून महिनाभरात एकही रक्तनमुना आला नाही, त्यांची यादी प्रणालीतून वेगळी काढायला ऑपरेटरला आत्ताच शिकवा. बदली होऊन आलेल्यांचे लॉगिन चालू करून घ्या. ताप रुग्णांच्या नोंदीचे, म्हणजे एम-१ चे, कोरे छापील फॉर्म पूर येण्याआधी उपकेंद्रांवर पोचवा, आणि टोलानिहाय यादीची एक प्रत फवारणी पथकाच्या मुकादमाकडे द्या.