वडलांची दुनळी नावावर करायचीय? मुंबईत बंदुकीचं लायसन आणि नोंद कशी सांभाळायची

बंदुकीचं लायसन म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर बिल्डर नाहीतर पुढारी येतो. आमचे अण्णा त्यातले कोणीच नव्हते. फौजेतून रिटायर झाले, भांडुपला चाळीत खोली घेतली आणि एका बँकेच्या दारात गार्ड म्हणून उभे राहिले, स्वतःची बारा बोअर दुनळी घेऊन. ज्याच्याकडे स्वतःची लायसनची बंदूक त्याला गार्डची नोकरी लवकर मिळायची आणि चार पैसे जास्त पण. म्हणजे ती बंदूक आमच्या घरात टॅक्सीवाल्याच्या टॅक्सीसारखी होती, तिच्यावरच घर चालायचं.

अण्णा गेल्यावर ती माझ्या नावावर करताना ज्या खेपा घातल्या त्यावरून हे लिहितोय. ज्यांच्या घरात अशी बंदूक आहे आणि लायसनदार सत्तरीला आलाय त्यांनी आत्ताच वाचून ठेवा, तेराव्याला वाचून उपयोग नाही.

पहिली गोष्ट, आणि इथेच मी चुकलो. लायसन माणसाच्या नावाचं असतं, घराचं नसतं. माणूस गेला की कपाटातली ती बंदूक घरात कोणाच्याच लायसनवर नसते, आणि आपण आपले दिवस-कार्य, बँका, पेन्शन यात अडकलेलो असतो. मी अडीच महिने ती तशीच कपाटात ठेवली, किल्ली आईच्या पदराला. शेजारच्या रिटायर हवालदार काकांनी सांगितलं तेव्हा घाम फुटला. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या कलम २१ मध्ये सरळ आहे की ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण उशीर न करता बंदूक आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक डीलरकडे जमा करायची. जमा केली म्हणजे गेली असं नाही, वारसाने कायदेशीर लायसन काढलं की परत मिळते किंवा विकता येते. पण वर्षानुवर्षं कोणी फिरकलंच नाही तर सरकारजमा होऊ शकते हेही त्याच कलमात आहे. आणि मधल्या काळात कोणी तक्रार केली तर विनापरवाना हत्यार बाळगल्याचं कलम लागू शकतं, शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षं. वडलांची आठवण वगैरे तिथे कोणी विचारत नाही.

जमा करायला जाताना बंदूक खांद्यावर टाकून रिक्षात बसू नका प्लीज. आधी ठाण्यात जाऊन सांगा, मृत्यूचा दाखला आणि जुनं लायसन दाखवा, अर्ज दोन प्रतीत द्या आणि एकीवर पोचचा शिक्का घ्या, मग ते म्हणतील तशी न्या. पावतीवर बंदुकीचा नंबर, बोअर, बनावट, नळीची लांबी, काडतुसांची संख्या आणि दस्त्यावर कुठे चीर असेल तर तीही लिहून घ्या. मी ज्या ठाण्यात गेलो तिथल्या साहेबांनी पावतीवर नुसतं ‘एक बंदूक’ लिहिलं होतं, मी हट्टाने नंबर घालून घेतला, ते वैतागले, वैतागू देत. आणि जमा करायच्या आदल्या रात्री नळ्या आतून पुसून तेल लावा. मुंबईचा पावसाळा आणि मुद्देमालाची खोली, चार महिन्यात लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. परवडत असेल तर डीलर बरा, भाडं घेतो पण तेल लावून ठेवतो.

आता खरं तर हे सगळं अण्णा असतानाच करता आलं असतं. आर्म्स रुल्स २०१६ प्रमाणे लायसनदार ७० वर्षांचा झाला किंवा त्याने २५ वर्षं हत्यार बाळगलं, जे आधी होईल ते, की तो हयातीतच ते कायदेशीर वारसाकडे देऊ शकतो, म्हणजे अर्थात वारसाला लायसन मिळालं तर. अण्णा ८१ चे होऊन गेले. अकरा वर्षं हातात होती आणि घरात विषय काढायचं कोणाला सुचलं नाही, वडलांसमोर असं बोलणं म्हणजे त्यांच्या मरणाची वाट बघितल्यासारखं वाटतं ना. तरी काढा विषय, त्यांनाच बरोबर घेऊन अर्ज करायला जा, म्हाताऱ्या माणसाला पण बरं वाटतं.

कागदांचं थोडक्यात सांगतो. मुंबईत लायसन देणारे पोलीस आयुक्त, क्रॉफर्ड मार्केटसमोरचं मुख्यालय, आणि चौकशी होते ती तुमच्या हद्दीतल्या ठाण्यातून. वय २१ पूर्ण पाहिजे. ओळख, पत्ता, फोटो, तब्येत आणि मानसिक स्वास्थ्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी, हत्यार हाताळण्याच्या ट्रेनिंगचा कागद आणि वारसाची केस असेल तर बाकीच्या सगळ्या वारसांची नाहरकत. ही नाहरकतच खरी डोकेदुखी आहे. बहीण नालासोपाऱ्याला, भाऊ पुण्यात, आणि अचानक सगळ्यांना बंदुकीत इंटरेस्ट येतो. माझ्या भावाने विचारलं की तिची किंमत किती येईल, मी म्हटलं तूच घे मग, त्यावर दुसऱ्या दिवशी सही आली.

जुन्या लायसनवर यूआयएन आहे का ते सगळ्यात आधी बघा. देशभरातली सगळी लायसन एका डेटाबेसमध्ये घेतली गेली आणि प्रत्येकाला एक नंबर दिला गेला तो हा. मुदत किती वेळा वाढवली देव जाणे, शेवटी जून २०२० नंतर ज्या लायसनवर हा नंबर नाही ते बाद. गावाकडची जुनी पुस्तकं अजून लोकांच्या ट्रंकेत असतात, रिन्यूचे शिक्के पण असतात, पण नंबर नसतो. असं पुस्तक हातात आलं तर आधी जाणकार वकिलाला दाखवा, थेट काउंटरवर जाऊन फसू नका.

मोजणीही करा. २०१९ च्या डिसेंबरपासून एका माणसाला जास्तीत जास्त २ हत्यारं, आधी ३ होती. वारशाने आलेलं पण या दोनातच धरतात. तुमच्याकडे आधीच दोन असतील तर वडलांची तिसरी ठेवता येत नाही, एक विकावी नाहीतर सोडावी लागते. सरकारने आधी विधेयकात एकच हत्यार ठेवायचं म्हटलं होतं, ओरड झाल्यावर दोनवर आलं. नेमबाजांना वेगळी सूट आहे. स्वतःची बंदूक दुसऱ्या लायसनदाराला विकताना मात्र आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून सौदा होत नाही.

चौकशीला हवालदार घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो, केसेस बघतो. चहा द्या, बाकी काही देऊ नका. पोलीस रिपोर्टला नियमात मुदत आहे आणि तो वेळेत आला नाही तर त्याच्याविनाही निर्णय घ्यायची मुभा कायद्यात आहे, हे वाक्य अर्जात नम्रपणे लिहिलं की फाईल जरा हलते असा माझा अनुभव. आणि एक कलम पाठच करून ठेवा, १४ चं पोटकलम २. नुसती पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या कारणावर लायसन नाकारता येत नाही. मला तोंडी कोणीतरी ऐकवलंच, की दहा बाय बाराच्या खोलीत काय आहे राखायला. मी कलम दाखवलं. नकार आलाच तर कारण लेखी मागा, सार्वजनिक हिताचं कारण सांगून ते द्यायचं टाळता येतं पण मागायला काय जातं. आयुक्तांच्या आदेशावर अपील राज्य सरकारकडे जातं, ३० दिवसांच्या आत, तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

आता तो वाद, जो प्रत्येक लायसनदाराच्या घरी होतो. नोंद हवीच कशाला, गुंड थोडेच नोंद करतात? या शहरात घोडा म्हणजे पिस्तूल हे शाळकरी पोराला पण माहितीये, आणि तो घोडा कधी क्रॉफर्ड मार्केटच्या काउंटरवर रांगेत उभा राहिलाय का. देशी कट्ट्याला ना नंबर ना यूआयएन. त्यामुळे सगळा जाच जो स्वतःहून रांगेत उभा राहतो त्यालाच, हे अण्णांचंही म्हणणं होतं आणि ते खोटं नाही. पण दुसरी बाजूही बघा. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात पावणेतीन लाखांच्या वर लायसन वाटली गेली, त्यातली कित्येक तिथे न राहणाऱ्यांना पैसे घेऊन दिल्याचा आरोप झाला आणि तपास सीबीआयकडे गेला. असल्या लायसनवाल्याबरोबर माझे अण्णा एकाच रांगेत धरले जाणार असतील तर मला तो नंबर हवाच आहे बुवा, त्या नंबरनेच कळतं की हे पुस्तक खरं.

बाहेरच्या देशांची उदाहरणं लोक फार देतात. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांचं रजिस्टर करायलाच मनाई केली. कॅनडाने १९९५ च्या कायद्याने लांब नळीच्या बंदुकांची नोंद आणली आणि खर्चावरून आणि शेतकरी-शिकाऱ्यांच्या नाराजीवरून २०१२ मध्ये गुंडाळली. न्यूझीलंडने उलट केलं, २०१९ च्या ख्राइस्टचर्चच्या हल्ल्यानंतर कायदा बदलला आणि २०२३ मध्ये रजिस्टर सुरू केलं. पण तिथला वाद इथे जसाच्या तसा चालत नाही कारण आपल्याकडे १८७८ पासून आधी लायसन मग बंदूक असाच क्रम आहे, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही बोलून दाखवलं की अमेरिकेसारखा हत्याराचा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही. त्यामुळे नोंद नको म्हणून भांडण्यात वेळ घालवू नका. भांडायचं असेल तर नोंदीचा वापर कसा होतो त्यावर भांडा.

म्हणजे इलेक्शनला. आचारसंहिता लागली की नोंदीतली यादी निघते आणि सरसकट सगळ्यांना फोन, बंदूक जमा करा. गावी माझ्या चुलतभावाची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाची. ती जमा झाली की वानर आणि डुक्कर रान मोकळं समजतात, तिथे बार नुसता आवाजासाठी असतो, जनावर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते, पण आवाजच गेला तर भात कोण राखणार. आणि मुंबईत गार्डची बंदूक जमा म्हणजे त्याचा पगार जमा. खरं तर सरसकट जमा करा असा नियमच नाही. मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने हे आधीच सांगितलंय, आणि निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे स्क्रीनिंग कमिटीने एकेका लायसनदाराचं बघायचं असतं, जामिनावर सुटलेले, गुन्ह्याचा इतिहास असलेले, दंगलीत नाव आलेले वगैरे. बँकेच्या गार्डना आणि रायफल असोसिएशनच्या खेळाडूंना सूट असते. म्हणून फोन आला की लेखी नोटीस मागा. गार्ड असाल तर बँकेचं पत्र घेऊन त्याच दिवशी अर्ज द्या, दुसऱ्या दिवशी नाही. लेखी नोटीस आली तर मात्र वाद न घालता जमा करा, वर सांगितलं तशी पावती घेऊन.

रिन्यूवल आता ५ वर्षांनी. मुदत संपायच्या दोन महिने आधी अर्ज टाका. पत्ता बदलला तर ३० दिवसात कळवा, भांडुपवरून बदलापूरला गेलात तर आयुक्तालयच बदलतं. पुनर्विकासात ट्रान्झिटला गेलेले लोक हे हमखास विसरतात. घरात बंदूक रिकामी आणि कुलपात, काडतुसं वेगळ्या ठिकाणी. लग्नात, वरातीत, विसर्जनाला हवेत बार काढायची कोणी गळ घातली तर घरी जा सरळ, त्याला आता २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

आणि इलेक्शनचा निकाल लागून आठवडा झाला की जमा केलेली बंदूक परत द्यायची असते, तिची आठवण ते करून देत नाहीत, आपणच जायचं. पावतीवरचा नंबर आणि नळीवरचा नंबर काउंटरवरच जुळवा, काडतुसं मोजा, मगच सही करा. जाताना जुना पंचा आणि तेलाची बाटली पिशवीत असू द्या, माझी गेल्या वेळेला डाव्या नळीच्या तोंडाशी तांबूस झाली होती.