धनगरवाड्यावर बीपी तपासायला जाण्याआधी

यंत्र पिशवीत टाकलं की झाली तयारी, असं पहिल्या वर्षी आम्हालाही वाटलं होतं. म्हणून यंत्राचं नंतर बोलू. जायच्या महिनाभर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि तिथल्या डॉक्टरांना एवढंच विचारा: आमच्या तपासणीत दहा-बारा जणांचं प्रेशर जास्त निघालं, तर त्यांच्या गोळ्या कोण चालू करणार आणि पावसाळ्यात त्या वर कोण पोचवणार? याचं उत्तर मिळेपर्यंत तारीख ठरवू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, गगनबावडा या बाजूच्या वाड्यांना जूनपासून ओढे आडवे येतात. तीन महिने घेऊन सुटलेली गोळी म्हणजे त्या माणसाच्या लेखी ‘घेतली की, गुण न्हाई आला’ अशी गोळी. दुसऱ्यांदा तो ती हातात धरत नाही. मेअखेरीला जास्तीचा साठा आशाताईंकडे किंवा वाडीतल्याच एखाद्या शिकलेल्या सुनेकडे ठेवता येईल का, तेही त्याच बैठकीत बोलून घ्या. आणि डॉक्टर किंवा समुदाय आरोग्य अधिकारी सोबत येणार असतील तरच गोळ्यांचा विषय काढा. आपण कार्यकर्त्यांनी गोळी वाटायची नाही, अगदी बीपीची ओळखीची अम्लोडिपिन असली तरी.

तारीख आशाताईंच्या सांगण्यानुसारच धरा. रविवार आपल्या सोयीचा, वाडीच्या नव्हे. सकाळी धारा काढायच्या, दूध डेअरीला पोचवायचं, मग जनावरं रानात. सकाळी साडेअकराला हजर झालात तर दारात फक्त म्हातारी आणि कुत्री भेटतात. धारा उरकल्यावरचा तास किंवा दिवेलागणीच्या आधीचा, एवढाच वेळ आपला. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेचे दिवसही टाळा.

जाणाऱ्या मंडळींची आधी एक बैठक घ्या आणि त्यात ‘ही डोंगरातली काटक माणसं, यांना कसला बीपी’ हे डोक्यातून काढून टाका. धनगर इथे सरकारी यादीत अनुसूचित जमातीत नाहीत, भटक्या जमातीत आहेत. पण रानावर जगणाऱ्या समाजांबद्दलची ही समजूत सगळीकडे सारखीच असते. तिच्यात तथ्य कुठवर आहे ते सांगतो. 1988 साली 32 देशांतल्या 52 ठिकाणी मीठ आणि रक्तदाब यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अ‍ॅमेझॉनच्या जंगलातले यानोमामी होते. त्यांचं वरचं प्रेशर सरासरी 100 च्याही खाली, आणि वय वाढलं तरी ते फारसं चढत नव्हतं. कारण काय, तर त्यांच्या जेवणात वरून मीठ जवळजवळ नव्हतंच. आपल्या वाड्यांवर मिठाची पुडी, पापड, फरसाण, बिस्किटं, तंबाखू सगळं पोचलंय. चढण आहे म्हणून अंगावर चरबी नाही, एवढंच. आणि सडपातळ माणसाचं प्रेशर वाढत नाही असं कुठे लिहिलेलं नाही.

आता यंत्र. आदल्या आठवड्यात ते आरोग्य केंद्रातल्या यंत्राशी ताडून बघा. एकाच माणसाचा एकच दंड, पाच मिनिटांच्या अंतराने दोन्ही यंत्रांवर. सेल नवे घाला, एक जोड जादा घ्या. दंडाला गुंडाळायचे पट्टे मात्र दोन मापांचे हवेत. नेहमीचा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो आणि वाडीवरच्या कित्येक म्हाताऱ्यांचे दंड त्याहून बारीक. मोठा पट्टा बारीक दंडावर बांधला तर आकडा खोटाच कमी येतो, लहान पट्टा जाड दंडावर आवळला तर खोटाच जास्त. शिंप्याची टेप न्या, दंड मोजा, मग पट्टा निवडा. पाठीला टेकण असलेल्या दोन खुर्च्या शाळेतून मागून ठेवा. पाय जमिनीला टेकलेले, मांडी नाही, हात छातीच्या उंचीवर उशीवर किंवा घडी केलेल्या घोंगडीवर. लुगड्यावरच्या चोळीची बाही घट्ट असते, ती वर सरकवली की दंड आवळला जातो. म्हणून एक बाई कार्यकर्ती आणि आडोशाला एक चादर लागतेच.

बसवल्यावर पाच मिनिटं गप्प. हे सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे पाहुणा आला की बोलायचं असतं. चहा, तंबाखू आणि मिश्री यांना अर्धा तास झालेला हवा. मिश्रीचं वेगळं विचारा. ‘तंबाखू खाता का’ म्हटलं की बायका नाही म्हणतात आणि खरंच सांगत असतात, कारण मिश्री त्यांच्या हिशेबी दात घासायची वस्तू. तव्यावर जाळली तरी ती तंबाखूच, नाडी आणि प्रेशर दोन्ही चढवते. आमची चूक इथेच झाली होती. सत्तरीची एक आज्जी ओढ्यावरून डोक्यावर हंडा घेऊन वर आली, आम्ही लगेच पट्टा बांधला, आकडा आला 178, आणि आमच्यातलाच एकजण ‘बाप रे’ म्हणाला. घरच्यांनी रात्री जीप ठरवून तिला खाली नेलं. तिथे शांत बसवून मोजल्यावर 134. जीपचे पैसे गेले ते गेलेच, पण पुढच्या फेरीला आज्जीने हात पुढे केला नाही. ‘बाप रे’ हा शब्द त्या दिवसापासून आमच्यात बंद आहे.

एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. वरचं 140 किंवा खालचं 90 च्या वर आलं म्हणजे आजार ठरला असं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावं लागतं, म्हणून मुक्कामाची किंवा दुसऱ्या फेरीची सोय यादीत हवी. कार्डावर आकडा मोठ्या अक्षरात लिहा आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या, चुलीच्या धुराने आणि पागोळ्यांनी कागद टिकत नाही.

प्रश्नही आधी बसवून घ्या. ‘मीठ किती खाता’ याला उत्तर नसतं. ‘एक किलोची पुडी किती दिवस पुरते’ याला असतं. पाच माणसांच्या घरात महिन्याला एक पुडी म्हणजे माणशी रोज साडेसहा ग्रॅमच्या वर, आणि मर्यादा 5 ग्रॅमची. जनावरांना घातलेलं मीठ त्यातून वजा करायला विसरू नका, आम्ही एकदा म्हशीचं मीठ माणसाच्या नावावर लिहिलं होतं. खर्डा सोडा असं सांगू नका, कोणी सोडणार नाही; तो वाटताना मीठ निम्मं घाला म्हणा. गुडघेदुखीच्या गोळ्या आणि बाजारातली पुडीतली चूर्णं विचारा. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनीही प्रेशर वाढतं, आणि ती बिनकागदाची रोज घेणारे बरेच भेटतात.

एक कागद अडचणीच्या वेळेचा. वरचा आकडा 180 किंवा खालचा 120 च्या वर असून छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद जाणं यातलं काहीही असलं तर थांबायचं नाही, 108. आकडा काहीही असला तरी ही लक्षणं दिसली की हेच. लक्षण नसेल तर शांत बसवून पुन्हा मोजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. जिभेखाली गोळी फोडून प्रेशर झटक्यात उतरवायची जुनी रीत कोणी सुचवली तर हात धरा, एकदम उतरल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. 108 ची गाडी कुठवर येते, तिथवर झोळी करून नेणारे चार जण कोण, आणि मोबाईलला रेंज कुठल्या दगडावर येते, ही तीन उत्तरं नावांसकट लिहून ठेवा. ती वाडीतल्यांनाच माहीत असतात, म्हणून पोचल्यावर पहिला चहा घेता घेता विचारा.

बाकी किरकोळ: टॉर्च, पाणी, पावसाळ्याच्या तोंडावर जळवांसाठी मीठ (हो, मीठच), लहान पोरांना काहीतरी. फरसाण नको.

उतरायच्या आधी दुसऱ्या फेरीची तारीख आशाताईंच्या वहीत लिहा. मे महिना असेल तर ती ओढ्याला पाणी यायच्या आतली असू द्या.