मराठी डॉक्युमेंटेशन साइटवरच्या लिंक्स तुटू नयेत म्हणून

सातपूरच्या एका छोट्या कंपनीत मी ठिबक कंट्रोलरचं मराठी डॉक्युमेंटेशन सांभाळते. वाचणारे निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार, आणि पान उघडतात ते बागेत उभं राहून, मोबाइलवर. खताच्या वेळापत्रकाची लिंक दाबली आणि 'पान सापडलं नाही' असं आलं, तर माणूस पुन्हा शोधत बसत नाही, अंदाजाने व्हॉल्व्ह सोडतो. म्हणून लिंक तुटलेली असेल तर साइट बिल्डच, म्हणजे फाइलींपासून तयारच, होऊ नये, असं बघा.

आमची साइट एमकेडॉक्सवर आहे; मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणा घातलेल्या मजकुराच्या फाइलींपासून वेबसाइट बनवणारं हे साधन. तिथे बिल्ड कमांडला 'स्ट्रिक्ट' पर्याय जोडला की प्रत्येक वॉर्निंगची, तुटलेल्या लिंकच्याही, एरर होते आणि बिल्ड थांबते. डॉक्युसॉरस हे तसंच दुसरं साधन वापरत असाल तर 'ऑन ब्रोकन लिंक्स' ही सेटिंग 'थ्रो'वर ठेवा. हीच बिल्ड गिटहबवर प्रत्येक पुल रिक्वेस्टला, म्हणजे बदल मुख्य फाइलींत घेण्याच्या विनंतीला, चालू द्या; ती पास झाल्याशिवाय मर्ज नाही, मग घाई कितीही असो.

पण स्ट्रिक्ट लावलं म्हणजे झालं, असं नाही. ब्राउझरमधून पूर्ण पत्ता कॉपी करून पेस्ट केला, तर एमकेडॉक्सला ती बाहेरची लिंक वाटते आणि तो ती तपासतच नाही. स्लॅशने सुरू होणारा पत्ताही तो मुळात तसाच सोडून देतो. लिंक नेहमी मूळ मार्कडाउन फाइलला द्या, चालू फाइलपासूनच्या सापेक्ष मार्गाने. फाइलींची नावं रोमन, सगळी स्मॉल अक्षरं, मध्ये हायफन. विंडोजला कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला पडतो.

आता मराठीत लिहिणाऱ्यांचं खास दुखणं. पानाच्या आतल्या मथळ्याला लिंक द्यायची तर त्या मथळ्याला आयडी, म्हणजे लिंकमधलं त्याचं ओळखनाव, लागतो. एमकेडॉक्स तो आपोआप बनवतो, पण मुळात रोमन अक्षरंच ठेवतो. मराठी मथळ्यातून काहीच उरत नाही, मग आयडी पडतात अंडरस्कोर एक, अंडरस्कोर दोन, असे क्रमाने. समजा पानाचं शीर्षक एक, 'खरड छाटणी' दोन, 'गोडी छाटणी' तीन. उद्या कुणी वर 'पाण्याची तपासणी' हा मथळा घातला की तीन नंबरावर खरड छाटणी येते. लिंक चालू आहे, चेकर समाधानी आहे, आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी घेतलेला शेतकरी एप्रिलच्या खरड छाटणीची खतमात्रा वाचतोय. तुटलेल्या लिंकपेक्षा मला ही जास्त घातक वाटते, कारण चुकलंय हे त्याला कळायला मार्गच नाही.

युनिकोड स्लग, म्हणजे मराठी अक्षरंही ठेवणारा आयडी, चालू करून पाहाल, तर तो एमकेडॉक्सच्या पायथन भाषेच्या नियमाने काना-मात्रा-वेलांट्या गाळून टाकतो आणि 'गोडी छाटणी'चं 'गड-छटण' होतं. त्यापेक्षा 'अ‍ॅट्रिब्यूट लिस्ट' एक्स्टेन्शन सुरू करा आणि प्रत्येक मथळ्यापुढे महिरपी कंसात हॅश देऊन रोमन आयडी स्वतः लिहा. मग मथळ्याचे शब्द बदला, क्रम बदला, आयडी जागचा हलत नाही. शिवाय आवृत्ती 1.6 पासून एमकेडॉक्स मथळ्यांच्या लिंक्सही तपासतो, पण मुळात नुसती माहिती देतो. सेटिंग्जच्या फाइलीत 'व्हॅलिडेशन'मध्ये 'अँकर्स'ला 'वॉर्न' करा, तरच स्ट्रिक्ट तिथे अडवेल.

पान हलवलं किंवा नाव बदललं, तर त्याच कमिटमध्ये, म्हणजे एकत्र नोंदवलेल्या बदलात, जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारा रिडायरेक्ट घाला. त्यासाठी प्लगइन आहे. साइटमधल्या लिंक्स तुम्ही दुरुस्त कराल, पण पंपघरातल्या कंट्रोलरच्या डब्यावर चिकटवलेला क्यूआर कोड बदलायला कोण जाणार?

आणि सगळ्या विभागांची मोठी फेररचना करायचीच असेल, तर जून-जुलैत उरकून घ्या. सप्टेंबरात गोडी छाटणीचा हंगाम लागला की फक्त मजकूर दुरुस्त करा, फाइली हलवू नका.