चिकटलेली आयरिस सोडवताना : नव्या नेत्र-रेसिडेंटसाठी

बेळगावात नेत्रविभागात रुजू झालेली मुलं सिनेकियाचं, म्हणजे आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) शेजारच्या भागाला चिकटली की ती सोडवायचं, ऑपरेशन बघायला उत्सुक असतात. टेबलावरचं काम बहुधा काही मिनिटांचं असतं. खरी कसोटी त्याआधी आणि त्यानंतर लागते, म्हणून हे लिहिते आहे.

चिकोडी-अथणीकडचे ऊसकरी येतात. उसाचं पान डोळ्याला लागतं, बुरशीचा अल्सर होतो, कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला) भोक पडलं की आयरिस तिथे अडकते आणि जखम भरली तरी चिकटूनच राहते. युव्हायटिसमध्ये (डोळ्याच्या आतल्या सुजेत) ती मागे भिंगाला चिकटते. बाहुलीच्या कडेने पूर्ण 360 अंश चिकटली, तर आतलं पाणी पुढे येईना होतं, आयरिस फुगते, डोळ्यातलं प्रेशर चढतं.

गोनिओस्कोपी (कॉर्निया आणि आयरिसमधला कोन खास लेन्समधून तपासणं) बाहुली मोठी करायच्या आधीच करा. ड्रॉप्स घातल्यावर कोन नीट कळत नाही.

युव्हायटिसचा डोळा निदान 3 महिने शांत हवा. रुग्ण म्हणतो, "गळीत हंगामाच्या आत करून टाका की, डॉक्टर." तेव्हा त्याला बसवून सांगा, "काका, आत सूज असताना सोडवलं, तर पुन्हा चिकटेल." प्रेशर हाताबाहेर चढलं असेल तर मात्र थांबू नका, आधी लेसरने आयरिसमधून पाण्याला वाट करून देता येते का ते बघा.

टेबलावर आधी व्हिस्को (डोळ्यात जागा धरून ठेवणारी घट्ट जेल) भरा. कोवळी चिकटण त्यानेच सुटते. मग बोथट स्पॅचुला आयरिस आणि भिंगाच्या मधून आडवा फिरवा. टोक वर उचलू नका, भिंगाकडे दाबू नका. कडेवर पांढुरका पडदा असेल तर फोर्सेप्सने सोलून काढा. तरी बाहुली लहान राहिली तर ती ताणून धरायला आयरिस हुक्स आहेत. रक्त आलं तर व्हिस्कोने दाब वाढवून थांबा. घाईने ओढलं की आयरिस मुळापासून सुटते, आणि ते फार वाईट.

कोनातली चिकटण सोडवण्याची पद्धत कॅम्पबेल आणि व्हेला यांनी 1984 मध्ये मांडली. चिकटण ताजी असेल तर उपयोग होतो. जुनी असली की कोन उघडा दिसतो, पण खालची पाणी निचरणारी जाळी निकामी झालेली असते. असा रुग्ण काचबिंदूच्या तज्ज्ञांना दाखवा.

शेवटी व्हिस्को पूर्ण धुवा, नाहीतर रात्रीत प्रेशर चढतं. पुढे स्टेरॉइड ड्रॉप्स हळूहळू कमी करायचे आणि बाहुली हलती ठेवायची. खानापूरच्या आतल्या गावचा रुग्ण असेल तर ड्रॉप्सच्या वेळा मराठीत लिहू की कन्नडमध्ये, हे सोबत आलेल्या माणसाला विचारा आणि पहिला थेंब त्याच्याच हातून घालून घ्या.