भाताच्या ओलीवरचा वाल: पेरणीपासून बिरड्यापर्यंत

रायगडातल्या कडव्या वालाला पाणी द्यावं लागत नाही. भात कापल्यावर जमिनीत उरलेली ओल त्याला पुरते, मात्र ती ओल फार दिवस थांबत नाही. म्हणून भाताचे भारे बांधावर ठेवून का होईना, शेत लगेच मोकळं करा.

वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघायचा तर वीतभर खालची माती मुठीत दाबून कमरेच्या उंचीवरून टाका. गोळा तसाच राहिला तर दोन दिवस थांबा, कारण चिखलात बी कुजतं. फुटून भुगा झाला तर त्याच दिवशी नांगरा, ढेकळं फोडा आणि पेरून वर फळी फिरवा. नांगरलेलं शेत रात्रभर उघडं ठेवलं की वरची ओल उडते आणि उगवण विरळ होते. भेगा पडलेल्या शेतात तर बी वाया घालवूच नका.

दहा गुंठ्यांना पाच-सहा किलो बी लागतं. ओळीत एक फूट, रोपात अर्धा वीत अंतर आणि दोन बोटं खोली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कोकण वाल १ आणि २ हे वाण आहेत, पण बिरड्यासाठी, म्हणजे मोड आलेल्या सोललेल्या वालाच्या भाजीसाठी, गावठी कडवाच बरा. युरिया टाकू नका, नुसता पाला माजतो. ढगाळ हवेत शेंड्यांवर मावा येतो. सुरुवातीलाच ते शेंडे खुडून शेताबाहेर टाका.

जानेवारीत शेंगा भरल्या की पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, लावायची. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ आणि ओवा, मधे चिरा दिलेले बटाटे आणि कवचासकट अंडी, असे थर द्या. पाणी अजिबात नको. तोंडाशी पाला गच्च कोंबा, कारण मडकं उपडं ठेवायचं असतं. सैल राहिला तर आत धूर शिरतो. भोवती काटक्या, पेंढा, पाचोळा रचून अर्धा-पाऊण तास जाळ द्या. मडक्यावर पाण्याचा शिपका मारल्यावर चर्र वाजलं की झाली पोपटी.

बाकीच्या शेंगा वेलावरच वाळू द्या. काढणी सकाळी दव असताना करा. दुपारी हात लावताच त्या तडकतात आणि दाणे मातीत जातात. झोडून दाणे तीन-चार कडक उन्हं द्या, दाताखाली कट्कन फुटले पाहिजेत. मग चाळलेल्या राखेत घोळवून डब्यात भरा. भुंगेऱ्याची अंडी शेतातूनच येतात, त्यामुळे नुसतं झाकण घट्ट असून भागत नाही.

बिरड्यासाठी वाल रात्रभर भिजवा, उपसून फडक्यात बांधा. मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोला. गार पाण्यात साल चिकटून राहते आणि नखं दुखतात. तेलात मोहरी, हिंग, हळद, लसूण, त्यावर डाळिंब्या, म्हणजे हे सोललेले वाल, हलक्या हाताने परता, ताटावर पाणी ठेवून शिजवा. लागलं तर तेच गरम पाणी आत ओता. आमसूल, गूळ आणि नारळाचं दूध डाळिंबी बोटाने दाबली जाईल तेव्हाच. आंबट आधी पडलं की वाल तासभर शिजवला तरी दडदडीत राहतो. डाव मात्र फिरवू नका, भांडंच हलवा.