नोकरी सांभाळून चित्रकला: आइंडहोवनमधले काही धडे

‘जे.जे.ला गेलो नाही, आता परदेशात नोकरी करतोय, चाळिशी जवळ आली. तरी पेंटिंग नीट शिकता येईल का?’ नेदरलँडमध्ये नव्यानं आलेली मराठी मंडळी मला हे वरचेवर विचारतात. येईल. मात्र अभ्यासक्रम आपला आपणच आखायचा. यूट्यूब दाखवेल ते करत राहिलात, तर रंग संपतात आणि हात आहे तिथेच राहतो.

मी कोल्हापूरचा, शिक्षण मेकॅनिकलचं. चित्रकलेतली कमाई म्हणजे शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. त्या परीक्षांनी हात बसतो हे खरं, पण आधी बाह्यरेषा काढायची आणि तिच्या आत पोस्टर कलर सपाट भरायचा, ही सवयही लागते. तैलरंगात ती आडवी येते. माझी ती सवय इथल्या आभाळानं मोडली. आपल्याकडच्या उन्हात सावलीची कड सुरीनं कापल्यासारखी दिसते. इथे हिवाळ्यात दिवसचे दिवस सावल्याच पडत नाहीत. झाड आणि त्यामागचं शेत यांच्यामध्ये रेघ नसते, गडद-फिकटाचा जरासा फरक असतो. सुरुवातीला तेवढाच पकडायचा. विषय काय, शैली कोणती, हे प्रश्न नंतरचे.

त्यासाठी चारच ट्यूब घ्या: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड आणि आयव्हरी ब्लॅक. स्वीडनच्या आंदेर्स झोर्न या चित्रकाराच्या नावानं ही पॅलेट ओळखली जाते. यात निळा नाही, आणि गंमत तिथेच आहे. काळ्यात पांढरा मिसळला की थंड करडा होतो. त्याच्या शेजारी लाल आणि ऑकरनं विटांची भिंत रंगवा, तोच करडा चक्क निळा दिसायला लागतो. काळ्यात ऑकर घातला की शेवाळी हिरवा मिळतो. ब्राबंटचा, म्हणजे आइंडहोवन ज्या प्रांतात आहे त्याचा, अख्खा हिवाळा एवढ्यात उतरतो. मधूनच चित्राचा आणि समोरच्या दृश्याचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून शेजारी ठेवा. कुठे गडद कमी पडलंय ते लगेच कळतं.

आइंडहोवनला राहणाऱ्यांचं एक भाग्य आहे. नूएनन हे गाव इथून सायकलच्या अंतरावर आहे. व्हॅन गॉग तिथे 1883 च्या अखेरीपासून 1885 पर्यंत राहिला. त्याला कुणी शिकवलं नाही, तो उपजतच तसा होता, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. 1880 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवल्यावर त्यानं शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराच्या रेखाटनाच्या नमुन्यांच्या नकला पुन्हा पुन्हा काढल्या. हेगला आंतोन मॉव्ह या नात्यातल्या चित्रकाराकडे काही काळ शिकला. ‘बटाटे खाणारे’ हे 1885 चं चित्र करण्याआधी नूएननच्या शेतकऱ्यांची डोकी हिवाळाभर रंगवत बसला. बार्गचे तेच नमुने आज इंटरनेटवर फुकट मिळतात. व्हॅन गॉगची पत्रंही इंग्रजी भाषांतरासह फुकट वाचता येतात. कागद, रंग, पैसे यांची त्यातली रडकथा वाचून धीर येतो.

म्यूझियमकार्ड घ्याच. वर्षभर शेकडो संग्रहालयं त्यावर पाहता येतात, त्यामुळे ‘तिकिटाचे पैसे वसूल’ करायला सगळी दालनं पालथी घालावी लागत नाहीत. ओटरलोच्या क्रोलर-म्यूलर संग्रहालयात जाऊन एकाच चित्रासमोर बसा. चित्राकडे बाजूनं, तिरकं पाहिलं की रंगाचा थर कुठे जाड आहे, ब्रश कुठून कुठे फिरलाय ते दिसतं. छापील पानावर हे कधीच कळत नाही. स्केचबुक न्या, पण फक्त पेन्सिल.

चुका दाखवायला मात्र माणसंच लागतात. बऱ्याच गावांत वस्तीच्या केंद्रांमध्ये संध्याकाळी ‘मॉडेलतेकेनन’ असतं: मॉडेल समोर बसतं आणि खर्च सगळ्यांत वाटून जातो. डच लोक तोंडावर बोलतात. ‘डोकं मोठं झालंय, खांदा कुठे गेला?’ असं शेजारची आजी कॉफी पिता पिता सांगते. घरच्यांच्या ‘वा, छान!’ पेक्षा ते कितीतरी उपयोगी.

सामानाचं थोडक्यात. भाड्याच्या फ्लॅटमध्ये टर्पेंटाइनचा वास नको असेल, तर पाण्यात मिसळणारे तैलरंग वापरा. फ्रेम जुन्या वस्तूंच्या ‘क्रिंगलोप’ दुकानातून स्वस्तात मिळतात. डिसेंबरात ऑफिस सुटेपर्यंत अंधार पडलेला असतो, तेव्हा रंग खरे दाखवणारा चांगला पांढरा दिवा हवाच. ट्यूबवरची टिकाऊपणाची खूण वाचत जा. रॉयल टालेन्स या डच रंग कंपनीच्या ट्यूबवर तीन अधिक चिन्हं म्हणजे सर्वांत टिकाऊ. व्हॅन गॉगच्या ‘शयनगृह’ चित्रातल्या भिंती मुळात जांभळट होत्या. त्यातला लाल उडाला आणि आज त्या निळ्या दिसतात. त्याच्याच नावानं टालेन्स आज रंग विकते, हाही एक योगायोग.

वेळेसाठी चार दिवसांचा आठवडा मागता येतो, इथे तो रुळलेला आहे. पण तुम्ही कुशल कामगार परवान्यावर असाल तर जपून: तास कमी झाल्यावरही पगार परवान्याच्या किमान मर्यादेखाली जाता कामा नये. चित्रं विकायची असतील, तर आधी निवास परवान्यावर स्वतंत्र व्यवसायाबद्दल काय लिहिलंय ते वाचा आणि मग व्यापार नोंदणीकडे वळा. पहिली दोन-तीन वर्षं विकूच नये, असं माझं मत. एकदा ट्यूलिप आणि पवनचक्क्या खपायला लागल्या की माणूस त्याच काढत बसतो.

चित्रं भारतात न्यायची असतील तर रंग पुरता वाळू द्या. जाड थराला सहा महिने किंवा जास्तही लागतात. कॅनव्हास गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा, आत ठेवली तर थर चुरगळतो. टर्पेंटाइन विमानात चालत नाही, ते तिकडेच विकत घ्या.